तो आपला बसलेला असतो

१२ मार्च

धाकट्या,

वर ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहिलं होतं, मग खोडलं. अनेक कशाला, एक नीट लागला तरी पुरे आहे. तुझ्या बायकोला फोन केला होता. ती म्हणाली, ‘पत्र पाठवा ताई, फोनवर ते हो-नाही एवढंच बोलतात.’ माझ्याशी तर तू दोन वर्षांत हो-नाहीसुद्धा बोललेला नाहीस, तेव्हा पत्रच बरं. आणि हे आधीच सांगते, गळ्यात पडायला लिहीत नाहीये. काम आहे.

माझ्या दुकानासमोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे चोरी झाली. बाई लेकीकडे गेल्या होत्या. रविवारी रात्री परत आल्या तर कपाट उघडं, दागिने गायब आणि दाराचं कुलूप मात्र धडधाकट. गल्लीत तेव्हापासून दुसरा विषय नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात माणसं एका पानाची कॉपी काढायला येतात आणि चोरीवर अर्धा तास बोलून जातात.

माझी मतं ऐकायची तुला हौस नाही हे ठाऊक आहे, तरी ऐक. कोपऱ्यावरचा दिवा बंद आहे. मागच्या बोळाला फाटक नाही. गस्त येत नाही. हे मी त्या सभेत तुझ्या बड्या साहेबांसमोर माईक हातात घेऊन बोलले होते, आजही बोलते. तेव्हा आमच्या चौकीचा फौजदार माझाच भाऊ होता याला मी काय करू? त्यावरून तुझी बदली झाली असं तू म्हणतोस. असेल. पण गस्त येत नव्हती हेही खरं आणि तुला ते माझ्याइतकंच माहीत होतं.

असो. चोरी झाल्यावर पोलिसांनी दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्याला उचललं. तोच रे, माझ्या दुकानासमोरच्या भिंतीशी पेटी मांडून बसणारा. तुझ्या मोटारसायकलची हरवलेली किल्ली त्याने करून दिली होती. तू पोलीस म्हणून तो पैसे घेत नव्हता आणि तू बळेच दिलेस. तो चोर असेल तर मी विमान चालवते असं समज.

गल्लीतल्या कुणीतरी त्याच्याविरुद्ध जबाब दिलाय म्हणतात. हवालदार घरोघरी विचारत फिरला होता. मलाही विचारलं, मी त्याच्याबद्दल चांगलंच सांगितलं. पण कुणीतरी गरळ ओकली आहे. तो कोण हे कसं कळेल, एवढंच मला तुझ्याकडून हवंय. कळलं की मी त्याला चारचौघांत उभा करून विचारणार आहे.

ताई


१८ मार्च

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही, आता त्याची गरजही उरली नाही. जबाब कुणी दिला ते सापडलं. मी दिला.

काल किल्लीवाल्याची बायको दुकानात आली. ती मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. वकिलाने सांगितलं म्हणून सगळ्या कागदांच्या दोन-दोन कॉपी हव्या होत्या. गिऱ्हाइकाचे कागद वाचायचे नाहीत हा माझा दुकान टाकल्यापासूनचा नियम आहे. लोकांची आजारपणं, काडीमोड, नापास मुलं, सगळं माझ्या काचेवर पालथं पडतं आणि मी नजर वर ठेवते. पण एका पानावर माझंच नाव दिसलं. स्वतःचं नाव दिसल्यावर नजर वर राहत नाही.

त्यात असं लिहिलंय: ‘सदर इसम हा दिवसभर कुलपे उघडीत बसलेला असतो व येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहत असतो. कोण कधी बाहेर जाते हे त्यास माहीत असते.’

मी काय म्हणाले होते सांगू? हवालदाराने विचारलं, इथे कोण कोण बसतं. मी म्हटलं, ‘तो किल्लीवाला आहे ना, तो आपला दिवसभर कुलपं उघडत बसलेला असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत. कोण कधी बाहेर गेलं, सगळं माहीत असतं त्याला.’ अरे, कौतुकाने म्हणाले मी. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघ. शब्द जवळपास सगळे माझेच आहेत. फक्त ‘आपला’ गाळलाय, आणि त्या एवढ्याशा शब्दाबरोबर माणूस कोठडीत गेला.

बाबा आठवतात ना? काय चाललंय असं कुणी विचारलं की, ‘बसलोय आपला.’ त्यातला ‘आपला’ काढला तर नुसतं ‘बसलोय’ उरतं. मग कशासाठी बसलोय, कुणाची वाट बघत बसलोय, असे दहा प्रश्न येतात. ‘आपला’ म्हटलं की कुणी काही विचारत नाही. ज्याच्यापासून कुणाला काही त्रास नाही, तो ‘आपला’ बसतो. हे तुला समजावून सांगायची गरज नाही, तू त्याच घरात वाढलास.

खाली लिहिलंय, ‘वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ तेही खोटं नाही. हवालदाराने घाईघाईत का होईना, वाचून दाखवला होता. मी मान डोलावली, कारण तो वाचत असताना मला माझा ‘आपला’ ऐकू आला. जो कागदावर नव्हताच, तो मी माझ्या कानाने भरून घेतला. आपलंच बोलणं कुणी वाचून दाखवलं की आपण त्याच्या तोंडचं ऐकतो कुठे?

बायको समोर उभी होती. तिला वाचता येतं. तिने ते पान माझ्याआधीच वाचलं असणार. आणि तरी ती माझ्याच दुकानात आली, गल्लीत झेरॉक्सची आणखी दोन दुकानं असताना. मी म्हटलं, ‘मी असं म्हणाले नव्हते गं.’ ती म्हणाली, ‘मग काय म्हणाला होता?’ मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, कॉप्या पिशवीत घातल्या आणि म्हणाली, ‘ते तिकडे जाऊन सांगा.’

तिकडे मी उद्याच जाते आहे. जबाब दुरुस्त कसा करतात एवढं तरी लिही. बहिणीला नको, एका नागरिकाला सांगतोस असं समज.

ताई


२५ मार्च

धाकट्या,

चौकीत जाऊन आले. तुझ्या खुर्चीत आता एक तरुण फौजदार बसतो. वागायला वाईट नाही. ‘बसा मावशी’ म्हणाला. मला मावशी म्हणायला त्याचं वय आहे की माझं झालंय, हा विचार करतच बसले. जबाब लिहून घेणारा हवालदार शेजारीच होता.

मी म्हटलं, ‘माझ्या जबाबात एक शब्द राहिलाय, तो घाला.’

‘कुठला?’

‘आपला.’

हवालदार म्हणाला, ‘आपला म्हणजे कुणाचा? तुमचा नातेवाईक आहे का तो?’

‘नाही हो. तो आपला बसलेला असतो, तसला आपला.’

‘तसला म्हणजे कसला?’

आता तूच सांग, त्याला काय सांगू? चांगलं मराठी बोलणारा माणूस. घरी गेल्यावर बायकोला ‘मी आपलं थोडं पडतो’ असंच म्हणत असणार. पण वर्दी चढवली की त्याला हा शब्द कळेनासा होतो. शेवटी फौजदार मला समजावू लागला. ‘मावशी, जबाबात असे शब्द येत नाहीत. आणि घातला तर उलटं होईल. उद्या कोर्टात विचारतील, साक्षीदार बाई संशयिताला आपला म्हणते, म्हणजे दोघांचं साटंलोटं आहे. मग तुम्हीच अडचणीत याल.’

मी म्हटलं, ‘आले तर आले. शब्द घाला.’ नाही घातला. मी उठले नाही. त्यांनी चहा मागवला, तो प्यायले आणि पुन्हा म्हटलं, शब्द घाला. शेवटी ते दोघे एका भांडणाच्या तक्रारीवर निघून गेले आणि मी रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिले. रोज जाते आहे. आता मला बघितलं की हवालदार मागच्या दाराने निघतो.

इकडे गल्लीत वेगळंच चाललंय. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष तुला आठवत असतील, बँकेतून निवृत्त झालेले, मान ताठ ठेवून चालणारे. त्यांनी सभा घेतली. रस्त्याकडेला बसणारे सगळे उठवा असा अर्ज करायचा ठरला. किल्लीवाल्याच्या जागी सिमेंटच्या मोठ्या कुंड्या आणून ठेवल्यासुद्धा. ज्यांच्या घरच्या किल्ल्या त्याने वर्षानुवर्षं केल्या, ते सगळे कुलपं बदलून मोकळे झाले. मी उभी राहून म्हटलं, दिवा लावा, बोळाला फाटक करा, गस्त मागा. कुंड्यांनी चोर अडत नाही, फक्त बसणारा अडतो. अध्यक्ष म्हणाले, ‘जबाब तर तुम्हीच दिलाय ना?’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण धरणी काही मंडळाची सभासद नाही.

दुसऱ्या दिवशी अर्जाच्या कॉप्या काढायला माझ्याकडेच माणूस पाठवला. मी म्हटलं, माझ्या मशीनवर हा कागद चढणार नाही. तेव्हापासून मंडळाची माणसं पुढच्या दुकानात जातात. जाऊ देत.

तुझं एक ओळीचं उत्तरही येऊ नये? ‘आपला’ हा शब्द जबाबात कसा घालतात, एवढंच विचारते आहे. तो घालेपर्यंत मी हटणार नाही.

ताई


३ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पाठ थोपटायच्या ऐवजी कानाखाली दिलीस.

‘शब्दाचा हट्ट सोड. तुला तुझा शब्द सोडवायचाय की तो माणूस? हवालदाराने तुला इथे कोण बसतं ते विचारलं. चोरी झाली तेव्हा तो कुठे होता हे विचारलं का? नसेल तर ते सांग. चोरीची वेळ त्याच्या कागदांत असेल. बाकीची पानं वाचलीस का? पुरवणी जबाब म्हण, नाही म्हणता येत नाही त्यांना.’

हे वाचून आधी मला तुझा भयंकर राग आला. दोन वर्षांनी लिहिलंस ते हे. मशीन बंद करून आत जाऊन बसले. इतके दिवस मी चौकीच्या पायऱ्या झिजवते आहे, गल्लीशी वैर घेतलंय आणि हा मला विचारतो, शब्द की माणूस. मग थोड्या वेळाने राग उतरला आणि लाज वाटायला लागली. कारण तू विचारलंस ते खरं होतं. चौकीत रोज मी काय सांगत होते? मी वाईट बोलले नाही, मी चांगलं बोलले होते, माझं वाक्य नीट लिहा. तो माणूस आत बसला होता आणि मी माझं वाक्य धुऊन काढत होते.

तशीच वसतिगृहात गेले. किल्लीवाल्याची बायको कणीक मळत होती. तिला म्हटलं, मला बाकीची पानं वाचायची आहेत. तुझी परवानगी असेल तर. तिने हात धुतले आणि पिशवीतून कागद काढून दिले.

तिसऱ्याच पानावर होतं. औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात शनिवारी दुपारी एक माणूस डॉक्टरीणबाईंच्या मागच्या बोळातून पिशवी घेऊन निघताना दिसतो. चेहरा दिसत नाही. ‘अंगकाठी संशयिताशी मिळतीजुळती.’ आम्ही सगळे धरून चाललो होतो की चोरी रविवारी झाली.

अरे, शनिवारची दुपार. त्या दुपारी माझ्या दुकानाचं शटर अर्ध्यात अडकलं होतं. शाळाप्रवेशाचे दिवस, बाहेर पालकांची झुंबड. लोक ओणवे होऊन आत येत होते आणि ओणवेच बाहेर जात होते. आणि त्या शटरखाली उताणा पडून, तोंडावर गंजाचा भुगा झेलत, किल्लीवाला कुलपाची पट्टी सोडवत होता. जेवायलासुद्धा उठला नाही. ऊन उतरल्यावर शटर सुटलं तेव्हा तो उठला आणि माझ्याच नळावर तोंड धुऊन पेटीपाशी गेला.

हे मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणी विचारलं नाही आणि मला सुचलं नाही, कारण मी दुसऱ्याच शब्दामागे लागले होते.

मी हे तिथेच उभ्याने तिला सांगितलं. ती रडली नाही, मला बरंही म्हणाली नाही. म्हणाली, ‘तुम्ही एकट्याच होता का बघायला?’

नव्हते. अर्धी गल्ली वाकून गेली होती. आणि त्यांत एकाला वाकायची सवय नाही, त्याचं डोकं शटरवर धाडकन आपटलं होतं. अध्यक्षांचं. किल्लीवाल्याने उठून आपलं फडकं ओलं करून त्यांच्या कपाळावर धरलं होतं. टेंगूळ चांगलं आठवडाभर मिरवत होते.

आत्ता त्यांच्या घरूनच येते आहे. मी म्हटलं, चला चौकीत. म्हणाले, ‘मी कशाला त्या भानगडीत पडू? आठवत नाही मला नीट.’ मी म्हटलं, ‘मी आठवण करून देईन. जबाबात तुमचं नाव घालणार आहे, टेंगळासकट.’ त्यांनी दार लावून घेतलं. उद्या सकाळी चौकीत जाते. या वेळी शब्द मागायला जात नाहीये.

ताई


१२ एप्रिल

धाकट्या,

किल्लीवाला परवा सुटला. आधी तेच सांगते, नाहीतर तू पोलिसासारखा शेवट आधी वाचशील.

पुरवणी जबाब म्हटल्याबरोबर फौजदार सरळ बसला. मी शनिवारी दुपारी काय बघितलं तेवढंच सांगितलं. तो कसा आहे, काय आहे, माझं मत काय, एक शब्द नाही. तुला खरं वाटणार नाही, पण मी स्वतःची मतं गिळून चौकीत बसले होते. लिहून झाल्यावर हवालदार वाचायला लागला. मी म्हटलं, कागद इकडे द्या. चष्मा लावून एकेका ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचलं. दोन ठिकाणी दुरुस्त करायला लावलं. त्याने कुरकुर न करता केलं.

मग अध्यक्षांना बोलावणं गेलं. ते आले, कडक इस्त्रीचे कपडे घालून. फौजदाराने विचारलं, ‘त्या दुपारी या बाईंच्या दुकानात गेला होतात?’ ते म्हणाले, जातो कधीकधी. ‘डोक्याला लागलं होतं?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या कपाळाकडे बघत राहिले. किल्लीवाल्याची बायको दारापाशी उभी होती, तिच्याकडेही त्यांनी बघितलं. शेवटी म्हणाले, ‘हो. त्यानेच फडकं धरलं होतं. जेवायच्या वेळेपासून तिथेच होता म्हणे तो.’ फौजदार म्हणाला, ‘म्हणे नको. तुम्ही बघितलं ते सांगा.’ मग नीट सांगितलं. माणूस अगदीच वाया गेलेला नाही. पण बाहेर पडल्यावर माझ्याशी न बोलता रिक्षात बसून गेले.

खरा चोर अजून सापडलेला नाही. त्याबद्दल माझी मतं आहेत, ती वेगळ्या पत्रात लिहिण्याच्या लायकीची आहेत.

काल सकाळी किल्लीवाला पेटी घेऊन आला. त्याच्या जागी कुंड्या. तो पेटी हातात धरून उभा राहिला, मागे बायको. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं, पण खाली कुणी उतरेना. मी दुकानातून बाहेर आले आणि पहिल्या कुंडीला हात घातला. हलेना. बायकोने दुसरीकडून धरली. दोघींनी मिळून ती फरफटत मंडळाच्या फलकाखाली नेऊन ठेवली, मग दुसरी, मग बाकीच्या. वरून अध्यक्ष म्हणाले, ‘पोलिसांना कळवावं लागेल हे.’ मी म्हटलं, ‘कळवा. मला त्यांच्याकडे दिव्याबद्दल आणि फाटकाबद्दल बोलायचंच आहे.’ कुणी कळवलं नाही. किल्लीवाल्याने पेटी मांडली आणि बसला.

दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः उतरून त्याच्याकडे आल्या. काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. त्याने मान हलवली.

माझ्याशी मात्र तो बोलत नाही. पूर्वी सकाळी मी दुकान उघडलं की तिथूनच ‘आलात का’ म्हणायचा. आज मी आले तर खाली मान घालून कानस चालवत होता. तशीच जाऊन त्याच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, चूक माझी होती, मी नीट ऐकलं नाही. तो म्हणाला, ‘ऐकलं असतं तर बरं झालं असतं.’ आणि पुन्हा कानस चालवायला लागला. त्याचं बरोबर आहे. महिनाभर कोठडीत बसून आलेल्या माणसाला मी चांगलं बोलले होते हे काय कामाचं?

पण मी रोज जाणार आहे. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याच्यासमोर जाऊन काय चाललंय असं विचारणार आहे. तो बोलेल तेव्हा बोलेल. घाई नाही. गप्प बसलेल्या माणसाची वाट कशी बघायची, ते मला तू दोन वर्षं चांगलं शिकवलंयस.

ताई